अशुद्द भाषेची तक्रार

सुरवातीलाच सांगून टाकतो, तक्रार माजीच हुती. मागनं कुनी म्हनायला नगं की हिंदुरावानं सगळी गोष्ट सांगितली आन आपलं तेवडं झाकलं. फौजेत अठ्ठावीस वर्सं काडली, सुभेदार हून घरी आलो, झाकाझाकी आपल्याला जमत न्हाई. म्हंजे जमती, पन लय दिस टिकत न्हाई.

झालं आसं. गेल्या उनाळ्यात सकाळच्या पारी म्या डाव्या तळव्यावर तंबाखूची चिमूट घेतली, चुना लावला, आन उजवा आंगटा काय हलंना. त्येला म्हनलं, चल की रं. न्हाई. मंग सगळा हातच खाली पडला आन लोंबकळाय लागला. आमची मालकीन लीलाबाई चूल सोडून आली आन म्हनली, "आवं, त्वांड वाकडं का करताय सकाळी सकाळी?" म्या म्हनलं, कोन करतंय वाकडं? पन त्ये माजं मलाच नीट ऐकू आलं न्हाई. शिराळ्यासनं गाडी करून कराडला आनलं मला. जीव वाचला, पाय म्हयन्याभरात वळनावर आला, उजवा हात मातर तसाच ऱ्हायला.

मोट्या डाक्टरनं चिठ्ठी दिली, म्हनला हायवेकडंला पुनर्वसन केंद्र हाय, तितं जावा. म्या म्हनलं, "पुनर्वसन कशापायी? आमचं गाव धरनात गेलं न्हाई, जिमिनी बी जाग्यावर हायत." आमच्याकडं त्या शबदाचा दुसरा अर्थच कुनाला ठावा न्हाई.

तितं गेलो तर दारावर पाटी: व्यवसायोपचार विभाग. बाकड्यावर गुंडा बसल्याला. गुंडा ऊस-वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचा, ट्रॉली जोडताना बोटं सापडली आन तीन बोटं ताठून बसली. काखंत त्येच्या कागदाची फाईल. हळूच मला म्हनला, "सुभेदार, शेळीपालनाचं कागद आनल्यात का तुमी? म्या रोज आनतोय, पन ही लोकं बगायलाच तयार न्हाईत." त्येला वाटलं हुतं, कुनाचा व्यवसाय आजारी पडला की हितं त्येच्यावर उपचार करत्यात. दोन आटवडं त्यो शेळ्यांची वाट बगत बोटं दाबून घेत हुता.

खरं काय त्ये पायलनं सांगितलं. पंचविशीतली पोरगी, पांढरा कोट, छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर निस्तं नाव. म्हनली, "बाबा, व्यवसाय म्हंजे धंदा न्हवं. दिस उगवल्यापास्नं मानूस हातानं जे जे करतोय, आंग धुतोय, जेवतोय, सदऱ्याच्या गुंड्या लावतोय, त्यो त्येचा व्यवसाय. त्यो बंद पडला की आमी परत सुरू करून देतो. द्या हात."

मी हात दिला न्हाई. आदी चौकशी. आमच्याकडं रीतच हाय ती, नवं मानूस दिसलं की मापात घ्यायचं.

"गाव कंचं म्हनायचं?"

"वाळव्याकडं."

"आस्सं. घर कंच्या आळीला?"

"शाळंच्या मागं."

"शाळंच्या मागं म्हंजे... समाजमंदिराच्या अंगाला व्हय?"

ती हासली. म्हनली, "बाबा, आडनाव इचारायचं आसंल तर सरळ इचारा की. आसं बांधाबांधानं का फिरताय, पाय दुकतीला. कांबळे. बुद्धभूषण कांबळ्यांची लेक. झालं? आता हात घेती."

आन तिनं घेतला. मला मागं वडायचा हुता, खोटं बोलत न्हाई. पन वडनार कसा? हलतच नव्हता. हात माजा, इच्छा माजी, आन त्यो आपला गपगार तिच्या हातात पडून ऱ्हायला. ती येकेक बोट उलगडत हुती, आन वर मलाच इचारत हुती, "आवं, ह्यो हात तुमचाच हाय न्हवं, का कुनाचा मागून आनलाय?" गुंडा फिदीफिदी हासला.

आता तुमी म्हनाल, सुभेदार, फौजेत काय करत हुता मंग? फौजेत येका लंगरात येका वगराळ्यानं वाडलेलं खाल्लं. बर्फात येका रजईत तिगंजन झोपलो, कोन कुनाचा त्ये इचाराय दातखिळी सुटली तर पायजे. पन सुट्टीला कराड ठेसनावर उतरलो की ट्रंक डोक्यावर आन गाव आंगावर, दोनी संगटच चडायचं. कवा चडायचं, कळायचं बी न्हाई. आन खरं सांगायचं तर कळून घ्यायचं बी नसायचं.

त्याच दिशी साह्यबाकडं गेलो. जयराज सर, विभागाचं मुख्य. गोरापान गडी, बोलनं आसं की आकाशवानीवर बातम्या लागल्यात. म्या म्हनलं, मला दुसरी बाई द्या. त्यो म्हनला, "कारण लेखी द्या." आता आली पंचाईत. खरं कारन लिवायचं तर कायदा हाय, शिवाय सुभेदार आसलं लिवत न्हाई, निस्तं मनात ठेवतो. मी डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरात, बराच इचार करून लिवलं:

"बाईची भाषा लय अशुद्द हाय. दुसरी बाई द्यावी. सुभेदार हिंदुराव."

साह्यबानं वाचलं. येका शबदाला हासला न्हाई. उलट म्हनला, "आम्हांलाही हे जाणवलं होतंच. तुम्ही लिहून दिलंत, बरं झालं." आन कागद पायलच्या फाईलीला टोचला. मला वाटलं, चला, काम फत्ते. त्येला कागद कशाला पायजे हुता, त्ये मला लय मागनं समाजलं.

दुसरी बाई मिळाली अंकिता. पुन्याची. पोरगी गुनाची, उगी कशाला नावं ठेवू. पन तिची पेटी आली परदेशी मापाची. बटनाच्या जागी साखळी वडायची, फडक्याच्या जागी टॉवेल घडी घालायचा, काट्यानं रबराचं बटाटं उचलायचं. मी म्हनलं, बाई, मी जलमात काट्यानं बटाटा खाल्ला न्हाई, आता कशाला शिकू? तिनं वहीत लिवलं, सहकार्य करत नाहीत.

तिसऱ्या दिशी हात लय वडून घेतला तिनं. संध्याकाळी इचारलं, "आजोबा, कसं वाटतंय?" मी म्हनलो, "दंडाला लय रग लागलीया." तिनं मान हालवली, वहीत लिवलं. दुसऱ्या दिशी मला येका थंडगार खोलीत नेलं, तितं येक गृहस्थ मांडी घालून बसल्यालं. म्हनले, "डोळे मिटा. तुमचा सगळा राग एका फुग्यात भरतोय असं समजा. आता फुगा सोडून द्या." पाच दिस! पाच दिस मी फुगं सोडत हुतो. सुरवातीला राग नव्हता, तिसऱ्या दिसापास्नं मातर लय यायला लागला.

पाचव्या दिशी फुग्याच्या खोलीतनं भाईर आलो तर पायल समोर. "बाबा, तुमी हितं काय करताय?" मी सांगितलं. तिनं अंकिताची वही मागून घेतली आन वाचली. लिवल्यालं हुतं, रुग्णाच्या अंगात रग आहे, राग-नियंत्रणासाठी पाठवावे. पायल भितीला टेकून हासाय लागली. हासता हासता खालीच बसली. "अगं अंकिता, रग म्हणजे ताण येऊन दुखणं. त्यांचा दंड दुखत होता गं!"

अंकितानं कपाळावर हात मारला. "अरे देवा! आणि मी ह्यांना फुगे सोडायला लावले?" मंग ती बी हासली. म्हनली, "पायल, तूच घे ना आजोबांना परत. मला ह्यांचं निम्मंच कळतं, आणि त्या निम्म्यातलं निम्मं चुकीचं."

पायलनं माज्याकडं बगितलं. "काय बाबा? यिताय का अशुद्द बाईकडं?"

म्या म्हनलं, यितो. तिनं तो शबुद कुटनं उचलला, हे त्या टायमाला माज्या टाळक्यात शिरलंच न्हाई.

दुसऱ्या दिशी तिनं पेटी उगडलीच न्हाई. इचारलं, "ह्या हातानं पयलं काय करायचंय?"

"खरं सांगू?"

"खोटं सांगून हात बरा हुनार आसंल तर खोटं सांगा."

"तंबाखू मळायची."

मला वाटलं, आता भाषन हुनार, कर्करोगाचं चित्र दाकवनार. ती म्हनली, "तंबाखू मिळनार न्हाई. झटका तिनंच जवळ केलाय. पन मळायची तेवडी मळा." आन डाव्या तळव्यावर चिमूटभर ओवा ठेवला. उजवा आंगटा आपल्या हातानं धरून त्यावर टेकवला. "हां, आता घासा. आंगटा खाली, बोटं खालनं आधाराला. रोज किती येळा मळायचा?"

"धा-बारा."

"मंग आता चाळीस."

दोन दिस आंगटा नुसता पडून ऱ्हायला. तिसऱ्या दिशी गव्हाच्या दान्याएवडा सरकला. म्या गुंडाला हाक मारली, तानुबाईला हाक मारली. तानुबाई म्हंजे खांदा आखडल्याली म्हातारी, जतकडची. सगळी माजा आंगटा बगाय जमली. येकदा म्या ओव्यात गुपचूप खरी तंबाखू मिसळली, तर पायलनं लांबनं वास वळखला. तळवा धुवाय लावला आन शिक्षा म्हनून साठ येळा जादा मळाय लावलं. तिला मायेनं बोलायला येत न्हाई, निस्तं काम करून घ्यायला येतं. पन म्हयन्यात मी चमचा धराय लागलो. दीड म्हयन्यात गुंडी लावली. लीलाबाई डबा घिऊन यायची, तिनं पयल्यांदा गुंडी बगितली तवा डोळं पुसलं आन डब्यातली पोळी सरळ पायलच्या हातावर ठेवली. मी बगत हुतो. बाईमानूस माज्याआदी पुढं गेली.

आन मंग येक दिस गुंडा आला, त्वांड उतरल्यालं. "सुभेदार, लय वंगाळ झालं. पायलबाईचं सा म्हयनं भरत्यात या म्हयन्यात. नेमनूक पक्की करायची न्हाई म्हनत्यात. जयराज सरांला त्यांचा कुनी भाचा लावायचाय तिच्या जागी, पन नुसतं काडता येत न्हाई, कारन लागतंय. ते घावलंय. फायलीत येक तक्रार हाय म्हनं. कुन्या बेन्यानं केलीया कुनास ठावं!"

मी म्हनलो, "आसंल कुनीतरी."

"आपल्या ह्या दोन जिल्ह्यांत ह्या कामात आपल्या बोलीत इचारनारी ही येकच पोरगी. तिला बी हाकलायची म्हंजे? त्यो बेनं मला दिसू दे नुसता."

"दिसंल दिसंल," म्या म्हनलं, आन ओवा जोरानं घासाय लागलो.

सरळ जाऊन तक्रार मागं घ्यायची, येवडं सोपं हुतं. पन मागं घेताना कोनतरी इचारनार, केली कशाला हुती? म्हनून म्या सुभेदारी डोकं लावलं. ठरलं, कागदच पळवायचा. दुपारच्या च्याला साह्यब गेला की गुंडा दाराशी उबा ऱ्हानार, कुनी आलं तर खोकनार. गुंडाला म्या सांगितलं, त्या तक्रारदाराचं नाव बगाय चाललोय. मी आत शिरलो. टेबलाचा खन गच्च बसल्याला. डाव्या हातात काटी. म्हनून उजव्या हातानं खनाची मूठ धरली आन वडली.

आन खन उगडला! माज्या उजव्या हातानं! तीन म्हयन्यांमागं मेल्यावानी पडल्याला हात, त्येनं लाकडी खन वडला! मी काय केलं आसंल? चोर गप बसतोय. मी वराडलो, "गुंडा! आरं उगडला! उजव्यानं उगडला!" गुंडा बी पळत आत आला, मला मिठी मारली, खोकायचं ऱ्हायलंच. जयराज सर दारात उबं.

"काय चाललंय हे?"

"व्यायाम," म्या म्हनलं.

त्यानं खन लावून घेतला आन कुलूप घातलं. गडबडीत खनातनं उचलल्याली फाईल भाईर यीऊन बगितली तर आत आटवड्याच्या च्याबिस्कुटाची यादी.

मंग आलं त्ये समितीचं. मुंबयसनं ह्या व्यवसायातल्या मोट्या बाई येनार हुत्या. बगायला काय, तर ह्या कामात सगळ्या थरातली, सगळ्या भागातली मानसं यित्यात का, आन आली की टिकत्यात का. साह्यबानं केवडा फलक लावला: विविधता आणि सर्वसमावेशकता दिन. आमाला वळीनं बसवून तालीम घेतली. "येथे सर्वांना समान संधी मिळते." गुंडानं लय प्रयत्न केला. त्येच्या तोंडातनं निगायचं, "हितं सर्वांला समान सांदीत ठेवत्यात." साह्यबानं त्येला मागच्या वळीत घातलं.

पायलला सांगितलं, नऊवारी नेसून दारात फुलं घिऊन उबी ऱ्हा. फोटो घ्यायचाय. आन पाहुन्यांशी बोलायचं न्हाई, त्ये अंकिता बोलंल. पायल म्हनली, "सर, मी थेरपिस्ट म्हणून उभी राहू, की फुलवाली म्हणून?"

"आज फक्त उभी राहा. तुझ्या भाषेबद्दल लेखी तक्रार आहे, विसरू नकोस."

"मला दोन्ही भाषा येतात, सर. पेशंटला एकच येते." येवडं बोलून ती गेली. तिची शुद्द भाषा म्या तवा पयल्यांदा नीट ऐकली. साह्यबापेक्षा चांगली हुती.

तवा म्या, गुंडानं आन तानुबाईनं ठरिवलं. साह्यब तिला बोलू देत न्हाई, तर तिला बोलायलाच लागंल आसं करायचं.

समितीच्या बाई आल्या. पांढरं आखूड केस, साधा चेहरा, सरळ बोलनं. पायलनं फुलं दिली, फोटो झाला. मंग बाई तानुबाईजवळ येऊन बसल्या. "आजी, काय त्रास होतोय?"

तानुबाईनं जे त्वांड सोडलं! तिचं म्हायेर जतच्या पल्याडचं. निम्मं कानडी, निम्मं आमचं, मदी दोन सुस्कारं, आन सगळं येका दमात. खरं सांगतो, मला बी येक "खांदा" सोडून कायबी कळलं न्हाई. बाईंनी साह्यबाकडं बगितलं. साह्यबानं अंकिताकडं बगितलं.

अंकिता लय सरळ पोरगी. म्हनली, "मॅडम, मला नाही कळलं."

बाई माज्याकडं वळल्या. "आजोबा, तुम्ही सांगा."

म्या म्हनलं, "मनगाट आवळतंय, दंडाला रग लागती, पंजा पाक बदीर हुतोय, आन करंगळीला आशी झिनझिनी सुटती की इचारू नगा." गुंडा मागच्या वळीतनं म्हनला, "माज्या बोटांचं पेरंन्पेरं आंबून जातंय." सगळ्यांनी येकदमच सुरू केलं. साह्यब म्हनाय लागला, "शुद्ध बोला, शुद्ध बोला! आपलं ठरलंय ना!" कोन ऐकतंय.

अंकिता हळूच म्हनली, "पायलला कळेल."

पायलनं फुलांचं ताट खाली ठेवलं. पदर कमरंला खोचला आन तानुबाईपुढं बसली. दोन शबुद तिच्या कानडीत, दोन आपल्यात. तानुबाईला सांगितलं, "म्हातारे, डोस्कं विंचराया घेतीस तवा हात कुटवर जातोय, दाव." तानुबाईनं दावला. दुसऱ्या हातानं ढकलून आंबाड्यापतुर नेला. मंग पायल उटून बाईंला शुद्द भाषेत सांगाय लागली, कंचा सांदा किती उगडतोय, आजीला पयलं कंगवा का द्यायचा, सुभेदाराला ओवा का दिला. बाई वहीत लिवत हुत्या. धा मिनिटं कुनी हाललं न्हाई.

"सर," बाई शेवटी म्हनल्या, "हिची नेमणूक पक्की झाली असेलच?"

साह्यबानं घसा साफ केला. "तेच जरा... रुग्णाची तक्रार आहे. आमचे हात बांधलेले आहेत." आन फाईल पुढं केली.

बाईंनी कागद उचलला आन मोट्यानं वाचला. "बाईची भाषा लय अशुद्द हाय."

हासू आसं फुटलं की तानुबाईच्या तोंडातलं पान भाईर आलं. बाई सोता हासल्या. "ही तक्रार ज्या भाषेत आहे, त्याच भाषेबद्दल आहे का?" मंग खाली बगितलं. "सुभेदार हिंदुराव कोण?"

गुंडाचं हासू जागच्या जागी थांबलं. माज्याकडं बगून म्हनला, "आरं तिच्या! ह्यो व्हय त्यो बेनं?"

मी उटलो. मान वर करवंना. म्हनलो, मी हाय. तक्रार मागं घेतो.

"लेखी द्या," बाई म्हनल्या. "सर, हे मागं घेतलं की प्रश्न मिटला ना? नेमणूक आजच करू."

साह्यबाला हो म्हनावं लागलं. पायलनं माज्यापुढं पाटी ठेवली, कागद लावला. पेनाला रबर गुंडाळून जाड केल्यालं, त्ये उजव्या हातात दिलं. म्या लिवलं. मोटी मोटी अक्षरं, पन माज्या हाताची. "भाषेची तक्रार मागं घेतो. बाईची भाषा चांगली हाय." आन वर बगून हासलो. मला वाटलं, सुटलो बाबा. कुनाला कायबी कळलं न्हाई.

बाईंनी कागदाला हात घातला. पायल म्हनली, "थांबा, मॅडम."

मंग माज्याकडं वळली. "बाबा, तुमची तक्रार भाषेची नव्हती."

मी पेनाचं टोपन शोदाय लागलो.

"पयल्या दिशी आडनाव इचारलं, आन त्याच दिशी कागद दिला. साह्यबानं संध्याकाळीच मला दाकिवला. तवापास्नं मला ठावं हाय."

तवापास्नं! म्हंजे ओवा दिला तवा ठावं हुतं. गुंडी लावायला शिकिवली तवा ठावं हुतं. रोज सकाळी हे बोट, ते बोट उलगडताना तिला ठावं हुतं, ह्यो मानूस माज्या पोटावर पाय दिऊन बसलाय. लाज वाटली. लय लाज वाटली.

साह्यब म्हनला, "पायल, कशाला वाढवतेस? झालं ना तुझं काम."

"न्हाई झालं, सर." आन ती त्येच्याशी बी आपल्याच बोलीत बोलली. "खोट्यावर खोटं लिवून माजी फाईल साफ हुत न्हाई. उंद्याला आनि कोन पोरगी यील माज्यामागनं, तिची बी भाषाच अशुद्द निगंल. बाबा, खरं लिवा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या, त्यो पयला कागद तसाच फाईलीला लावा. मी दुसरीकडं कुटंबी काम करीन."

दारात लीलाबाई डबा घिऊन उबी हुती, कवा आली कुनास ठावं. गुंडा माज्याकडं बगत नव्हता.

म्या कागद उलटा केला. लिवलं, "भाषा हे खोटं कारन हुतं. खरं कारन." हितवर हात नीट चालला. पुढचा शबुद दोनच अक्षरांचा. ज काडताना पेन सुटलं. तिनं उचलून दिलं न्हाई, मीच वाकून घेतलं. परत धरलं. ज झाला. त्येला काना दिला. मंग त. घामानं कागद वला झाला. खाली सही केली, हिंदुराव. सुभेदार लिवलं न्हाई.

पायलनं कागद हातात घेतला. सगळा वाचला. तिच्या आवाजात राग बी नव्हता आन माया बी नव्हती. रोज सकाळी सांगती तसंच सांगितलं.

"आंगटा बरुबर धरलाय. पन शेवटचा शबुद सुटा ऱ्हायलाय, बाबा. त्येच्यावरची रेघ वडा."

म्या वडली.